कार्ड जुळलं, यादी जुळली, सासू जुळेना

माझं मत एकदा चोरीला गेलंय. चप्पल जाते, नळावरची बादली जाते, तसं मत गेलं. सांगितलं की लोक हसतात, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मागच्या एका निवडणुकीत मी स्वयंपाक, धुणं सगळं आवरून, इस्त्रीची साडी नेसून साडेअकराला आमच्या शाळेतल्या केंद्रावर गेले, तर तिथला माणूस यादीत बघून म्हणतो, "ताई, तुमचं मत झालंय." मी डाव्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. बोट कोरं होतं. यादीत मात्र माझ्या नावापुढे टिक केलेली आणि शेजारी कुणाचा तरी अंगठा. मी सही करणारी बाई! शेवटी मला एक कागदी मतपत्रिका दिली, मी शिक्का मारला, त्यांनी ती लिफाफ्यात घातली आणि लिफाफा चिकटवून टाकला. असले लिफाफे सहसा मोजतच नाहीत हे मला घरी आल्यावर कळलं. मग मी पुन्हा केंद्रावर गेले आणि जे बोलायचं ते बोलून आले.

तेव्हापासून माझं एकच तुणतुणं. कार्ड नाही तर मत नाही. फोटो बघा, माणूस बघा, जुळलं तर आत सोडा, नाहीतर घरी पाठवा. नियम म्हणजे नियम. आमचं घर उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात. पुढच्या खोलीत माझं फॉल-पिकोचं मशीन आहे. साडी मशीनखाली असेपर्यंत गिऱ्हाइकाला हलता येत नाही, त्यामुळे अख्ख्या भागातल्या बायकांनी माझं हे भाषण दोन-दोनदा ऐकलंय. मराठी बायकांनी मराठीत ऐकलं, सिंधी बायकांनी हिंदीत.

विरोधी पक्ष घरातच बसलेला होता. म्हणजे माझी सासू. नवरा जाऊन सात वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. सासूला मी तोंडावर अहो-जाहो करते आणि मनात एकेरीवर येते. इथे मनातलंच लिहायचं असल्यामुळे एकेरीच चालू द्या. वय एक्क्याऐंशी, तोंडाचा पट्टा मात्र विशीतला. ती दाराजवळच्या दिवाणावर बसून फॉलचे रंग लावून देते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देते.

"त्या कागदाला डोळे हायत का गो?" ती म्हणायची. "माणसाला माणूस ओळखतो. तुझा मत टाकायला ती भवानी आली, तवा दारावर मना बसवली असती तर मी बोलली असती, ही आमची नाय, हिला हाकला."

"आणि तुम्ही सगळ्या उल्हासनगराला ओळखणार?"

"सगळ्या नाय. आपल्या गल्लीला तर ओळखते ना."

तिच्या माहेरचे भाचे तिकडे बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात राहतात. भात कापून झालं की वीटभट्टीवर जातात. त्यातल्या एकाची कागदांची पिशवी घरात आढ्याला टांगलेली होती, ती उंदरांनी कुरतडली. त्या वर्षी तो भट्टीवरून सुट्टी काढून, चालत मतदानाला आला आणि तसाच परत गेला. "गावातली समदी त्याला लंगोटात फिरत होता तेवापासून ओळखतात. तो चोर होता का?" हा सासूचा हुकमाचा एक्का. तो पडला की मग मी मशीन जोरात चालवायची, म्हणजे तिचं ऐकू यायचं नाही.

आता गंमत बघा. कार्डाच्या विरोधात एवढं बोलणारी ही बाई स्वतःचं कार्ड मात्र दागिन्यासारखं जपायची. प्लास्टिकच्या दोन पिशव्या, त्यावर रुमाल, आणि ते सगळं कमरेच्या बटव्यात. कारण मत ही तिच्यासाठी साधी गोष्ट नाही. तिने आजवर एकही मत चुकवलेलं नाही. सासरे वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मतदान होतं, घरात पाहुणे होते, तरी ही सकाळी सातला केंद्रावर हजर. पहिलं मत तिने बदलापूर गावात टाकलं, नवीन सून होती तेव्हा. त्या काळी आमच्या माणसांनी गावच्या पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना खाली बघून जायचं. त्या दिवशी ही रांगेत उभी राहिली आणि पाटील उशिरा आला, तो तिच्या मागे. पाटलाने जरा इकडेतिकडे बघितलं, पण पोलीस म्हणाला, रांगेत या. "मी पुढं, पाटील मागं," सासू सांगते. "आनि आत बसलेल्या मास्तरानं माझा नाव पुरा वाचला. बापाच्या घरी कुनी पुरा नाव घेतला नव्हता." हे मी लग्न होऊन आल्यापासून शंभर वेळा ऐकलं असेल. दर वेळी सांगताना ती पाठ ताठ करून बसते आणि दर वेळी मला तिचं कौतुक वाटतं. हे तिला कधी सांगितलेलं नाही, चढून बसेल.

तर ते जुनं कार्ड बटव्यासकट वॉशिंग मशीनमध्ये गेलं. टाकणारी मीच, त्यावरून अजून बोलणी खाते. बाहेर आलं तेव्हा फोटोच्या जागी पांढरा डाग राहिला होता. नवीन कार्डासाठी अर्ज करायचा, त्याला नवीन फोटो पाहिजे. म्हणून मी तिला बाजारातल्या स्टुडिओत घेऊन गेले.

तो स्टुडिओ एका सिंधी सेठचा. सेठ आता साठीच्या पुढे आहे. आमच्या भागातल्या निम्म्या पोरींची लग्नं त्याने काढलेल्या फोटोंवर जमली. स्थळाकडे पाठवायचा फोटो त्याच्याकडेच काढायचा असा रिवाजच पडलाय. आणि सेठ प्रत्येक पोरीच्या आईला शपथेवर सांगतो, "बहनजी, मैं टच नहीं मारता. चेहरा ही ऐसा है." आयांचाही विश्वास बसतो, कारण कुठल्या आईला तो बसायला नको असतो?

स्टुडिओच्या पायरीवर सासू मला म्हणाली, "एकाच फोटोत दोन कामं उरकू. कार्डाला पन हाच, आनि मी मेल्यावर हार घालायला पन हाच."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच नाय. तुझ्या नवऱ्याचा बघ. लग्नातल्या ग्रुपमधून कापून काढलास. खांद्यावर कुनाचा हात हाय, अजून कळला नाय. मना तसा नको."

ते खरं होतं. तो हात कुणाचा ह्यावर आमच्याकडे दर वर्षी चर्चा होते.

फोटो काढून झाल्यावर सासू आणि सेठ पडद्यामागे कॉम्प्युटरसमोर बसले. मला बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटं आतून कुजबूज चालू होती. मग सेठने प्रिंट आणून माझ्या हातात ठेवली आणि मी नुसती बघतच राहिले. काळेभोर केस, मधोमध भांग. गाल भरलेले. कपाळावर एक आठी नाही. कानात सोन्याचे मोठे झुबे, जे आमच्या सात पिढ्यांत कुणी घातले नव्हते. ओठांवर गुलाबी छटा. बाई चाळीसच्या वर एक दिवस नव्हती.

"सेठ, ही कोण?"

"अम्मा है. लाइट अच्छी पडी."

"जशी हाय तशी आली," सासू म्हणाली आणि प्रिंट माझ्या हातातून काढून घेतली.

गल्लीत सगळ्यांना तिने हेच सांगितलं. जशी आहे तशी आली. बायका तोंडावर हो म्हणाल्या आणि वळल्या की पदर तोंडाला लावला. मोठी प्रिंट लोखंडी कपाटात साड्यांच्या मध्ये गेली, छोटी अर्जाला लागली. काही महिन्यांनी पोस्टाने नवीन रंगीत कार्ड आलं. आधार कार्डही आहे तिचं, नाही असं नाही. पण त्यावरचा फोटो तिच्या डोक्यात जातो. "मेलेल्या बाईचा काढला मेल्यांनी," म्हणते. म्हणून धाकट्या दिराने बँकेच्या कामाला ते बदलापूरला मागितलं तेव्हा तिने आनंदाने देऊन टाकलं, आणि कात्रपच्या त्याच्या फ्लॅटमधून ते परत आणायची आठवण तिने कधी केली नाही. मीही केली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

आणि मग एवढी वर्षं लटकलेली महानगरपालिकेची निवडणूक एकदाची लागली. आमच्याकडे एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे एका माणसाला चार मतं. सासू चार चिन्हं पाठ करून तयार होती. खरं तर ती सकाळी सातलाच निघायची, पण गुडघा धरला होता. शेक घेतला, तेल लावलं, जरा झोपली. चार वाजता उठली ती एकदम तरतरीत. निळी काठाची साडी काढली. आरशासमोर पावडर लावली. मी दारात चपला घालून ताटकळत उभी.

"आई, मतदानाला जायचंय, लग्नाला नाही."

"लग्नाला तुला नेली असती का?" ती म्हणाली.

शाळेत पोचलो तर रांग बरीच होती. फोन बाहेर गल्लीतल्या एकीकडे ठेवायला दिला आणि उभ्या राहिलो. आमच्या पुढे आमच्याच गल्लीतला रिक्षावाला होता, हातात लाइट बिल घेऊन. मी विचारलं, "कार्ड कुठंय?" तो म्हणाला, "वहिनी, घरी राहिलं. बिलावर नाव-पत्ता आहे ना. आणि मला कोण ओळखत नाही इथे?" झालं. माझी तार छेडली त्याने. मी त्याला भर रांगेत सुनावलं, की तुझ्यासारख्या लोकांमुळेच माझं मत गेलं, बिल काय कुणीही आणेल, नियम म्हणजे नियम, जा, कार्ड घेऊन ये. तो बिचारा डोकं खाजवत गेला आणि दहा मिनिटांत कार्ड घेऊन परत आला. आता तो आमच्या मागे होता. सासू त्याला म्हणाली, "तिच्या तोंडी लागू नको बाबा. मी रोज ऐकते."

पावणेपाचला आमचा नंबर लागला. खोलीत टेबलापलीकडे एक तरुण मॅडम बसल्या होत्या, बाहेरगावच्या शिक्षिका, ड्यूटीवर आलेल्या. बाजूच्या बाकावर पक्षांचे एजंट. त्यातला एक आपला स्टुडिओवाला सेठ. तो दर निवडणुकीला एजंट म्हणून बसतो, आणि त्याचा पक्ष सासूला अजिबात चालत नाही. ती त्याला रस्त्यात गाठून तोंडावर सांगते, "सेठ, तुझ्या मानसाला मी पाडनार." तो हात जोडून म्हणतो, "अम्मा, आशीर्वाद तो दो."

सासूने रुमाल सोडला, दोन्ही पिशव्या सोडल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं. मॅडमनी कार्ड बघितलं. सासूकडे बघितलं. पुन्हा कार्ड बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, घाईत धाकट्या बहिणीचं कार्ड आणलंत वाटतं."

सासूचा चेहरा असा काही फुलला म्हणता! ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का गो?"

मी मात्र घाईने पुढे सरकले. "मॅडम, ते त्यांचंच आहे," मी म्हणाले.

मॅडमनी यादी काढली. यादीतही फोटो असतात. त्यांनी बोट ठेवलं तर तिथेही तीच, काळेभोर केस, झुबे, गुलाबी ओठ. पुढे वय लिहिलेलं, एक्क्याऐंशी. मॅडमनी कार्ड यादीशेजारी धरलं. मग म्हणाल्या, "कार्ड यादीशी जुळतंय. यादी कार्डाशी जुळतेय. पण ह्या आजी कुणाशीच जुळत नाहीत. दुसरं काही आहे? आधार?"

आधार कात्रपला. मी धावत बाहेर आले, फोन घेतला, दिराला लावला. त्याने लगेच आधारचा फोटो काढून पाठवला. पण आत फोन चालत नाही आणि फोनमधलं आधारही चालत नाही, मूळ पाहिजे. दीर म्हणाला, "वहिनी, निघतो, पण ह्या ट्रॅफिकला सहा वाजतील." दरवाजा साडेपाचला बंद होणार होता.

परत आत आले. मॅडमचा आवाज अजून मऊच होता. "ताई, मी इथली नाही. मी कुणाला ओळखत नाही. मला कागदावरच चालावं लागतं. उद्या कुणी तक्रार केली की बोगस बाईला सोडलं, तर मी काय सांगू?" आणि काय सांगू तुम्हाला, मला तिचा राग येईना. अशी कडक बाई त्या दिवशी असती तर माझं मत वाचलं असतं. हीच तर बाई मी इतकी वर्षं मागत होते. आता ती मिळाली होती आणि माझ्याच सासूला अडवत होती. मागून रिक्षावाला हळूच म्हणाला, "वहिनी, नियम म्हणजे नियम." मी वळून त्याच्याकडे डोळे वटारले.

मॅडम म्हणाल्या, "ह्यांना ओळखणारं कुणी आहे का इथे? एजंट?"

बाकीचे दोन एजंट दुसऱ्या गल्लीतले, ते म्हणाले बघितल्यासारख्या वाटतात. मॅडमनी विचारलं, "पण हा फोटो ह्यांचाच आहे हे कोण सांगेल?" मी सेठकडे बघितलं. सेठ मूग गिळून यादीत डोकं घालून बसला होता. का, ते मला लगेच कळलं. दारापासून व्हरांड्यापर्यंत बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या सात-आठ जणींच्या पोरींचे फोटो त्याच्या हातून गेले होते. एकदा टच मारतो म्हणून कबूल केलं की धंदा बसला. आणि सासू? सासूही त्याच्याकडेच बघत होती, आणि डोळ्यांनी त्याला गप्प राहायला सांगत होती. त्या फोटोची सगळी कहाणी गल्लीसमोर निघाली असती. दोघांची मिळून एक चोरी होती आणि दोघंही तोंड उघडायला तयार नव्हती.

सासूने कार्ड उचललं. रुमाल गुंडाळायला लागली. "चल," मला म्हणाली, "घरी जाऊ."

मी तिला तीस वर्षांत कशातूनही माघार घेताना बघितलेलं नव्हतं. ती दोन पावलं चालली आणि दारात रिक्षावाला होता. तो टोमणा मारत नव्हता, खरंच हळहळला होता. म्हणाला, "आजी, पहिल्यांदाच मत न टाकता चाललात."

सासू थांबली. गुडघ्यावर हात ठेवला, श्वास घेतला. मग वळली, सरळ बाकापर्यंत गेली आणि म्हणाली, "सेठ, बोल. काय काय केलंस ते समदं बोल."

"अम्मा, सबके सामने?"

"समद्यांसमोर. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. मत नाय जानार."

सेठने व्हरांड्याकडे एकदा बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि उभा राहिला. "मॅडम, फोटो मैंने खींचा है. अम्मा ही है. बाल मैंने काले किये."

"आणि?" मॅडम म्हणाल्या.

"गाल भरे. दो दाँत लगाये. झुर्री सब निकाली."

"झुबे?" सासूनेच आठवण केली.

"झुमके भी मैंने डाले. लिपस्टिक अम्मा ने बोला था."

"मी नाय बोलली! थोडी लाली बोलली."

एवढ्यात व्हरांड्यातून एका बाईचा आवाज आला, "काय हो सेठ, म्हणजे आमच्या ताईचा फोटोसुद्धा?" आणि दुसरी म्हणाली, "तरीच सासरचे लग्नात सारखे निरखून बघत होते!" मग जी हसण्याची लाट उठली ती रांगेच्या शेवटापर्यंत गेली. दारावरचा पोलीस हसत होता. मॅडमनी तोंडावर यादी धरली होती, पण खांदे हलत होते. सेठ आधी कानकोंडा झाला, मग तोही हसायला लागला आणि म्हणाला, "साईं, शादियाँ तो सब टिकी हैं ना!"

हसू ओसरल्यावर मॅडमनी सासूला विचारलं, "आजी, हे खरं?"

सासूने डोक्यावरचा पदर खाली घेतला. पांढरे केस, विरळ झालेला अंबाडा. तोंड उघडून दाखवलं, वर एक, खाली तीन. "ही मी. केस पांढरे हायत, दात नायत, कानात तांब्याची तार पन नाय. वय यादीत लिवलाय तेवढा खरा हाय, एक दिवस कमी नाय. बाकी समदा त्यानं केला आनि मी करून घेतला. मना एकदा तरी चांगलं दिसायचं होतं." शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलली. मलाच कसंतरी झालं. मी इतके दिवस त्या फोटोची टिंगल करत होते.

मॅडमनी डायरी पुढे ओढली. "कुणाचा आक्षेप?" एजंटना विचारलं. सेठ पहिला म्हणाला, "मेरा कोई ऑब्जेक्शन नहीं. मेरे खिलाफ देगी, फिर भी नहीं." बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. मॅडम लिहायला लागल्या. "घरचं कुणी ओळख देणारं?"

"मी आहे," मी पुढे झाले.

"नातं?"

मी बोलायच्या आत सासू म्हणाली, "लेक."

मॅडमनी लिहिलं. मग यादीत माझं नाव शोधलं, नवऱ्याचं नाव बघितलं, सासूच्या पानावर तिच्या नवऱ्याचं बघितलं आणि पेन थांबवलं. "पण यादीप्रमाणे तुम्ही सून लागता."

"हो, सूनच," मी म्हणाले.

सासूने डावा हात शाईसाठी टेबलावर ठेवला होता. बोट ताठ. "तुमच्या कागदावर काय लिवायचा ते लिवा, बाई," ती म्हणाली. "मना इचारलात, मी सांगितला."

मॅडमनी तिचं नाव पूर्ण वाचलं, मोठ्याने. शाई लागली. ती पाठ ताठ करून पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, चार बीप मोजून ऐकले मी, आणि ती सेठकडे बघत, "पाडला तुझा मानूस," म्हणत दाराबाहेर पडली.

मग माझा नंबर. माझ्या कार्डाकडे मॅडमनी नीट बघितलं, माझ्याकडे नीट बघितलं, जुळलं. शाई लागली, मी मशीनपुढे उभी राहिले, तर मला एक चिन्ह धड दिसेना. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. तीस वर्षांत ह्या बाईने मला चहा पातळ केलास, भात गिच्च केलास, माझ्या पोराला जाड केलंस, एवढंच सांगितलं होतं. मी तिथे उभी राहून पदराने डोळे पुसत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

बाहेरून तिचा आवाज आला, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा. "अगो, चार बटनं दाबायला एवढा वेळ? ह्या बाईला काय येत नाय!"

"आले, आई," मी आतून ओरडले, आणि पहिलं बटण दाबलं.